एकरातलं घर

ऐका. शेंगा फोडता फोडता ऐका, हात थांबवायचे नाहीत. बी उद्या रानात जायचं आहे. आणि पमे, तू दाराकडं तोंड करून बस. नाहीतर सारखी मागं वळून बघतेस आणि बाकीच्यांनाही घाबरवतेस.

ही माझ्या सासूची गोष्ट. रंगूबाई टाकीवाली. सासू म्हणून मी काही झाकणार नाही, आणि सासू म्हणून मीठमसालाही लावणार नाही. मरायच्या आधी तीन दिवस तिनं माझा हात धरून सांगितली, तशी सांगते.

अंधार पडला होता. चांगला पडला होता. रंगू कोळगावातून निघाली. डोक्यावर पाटी. पाटीत टाकी, हातोडी आणि मिळालेली सूपभर ज्वारी. कोळगावच्या बाया म्हणाल्या, राहा गं रात्रीची, सकाळी जा. ही म्हणाली, मला काय कुणी पळवून नेतंय. आणि निघाली. सासूचा स्वभावच तसा. कुणी राहा म्हटलं की हिचा पाय उंबऱ्याबाहेर.

आता टाकी म्हणजे काय ते ह्या पोरींना सांगायला पाहिजे. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो. मग दाणा नुसता घसरतो, पीठ पडत नाही. तेव्हा टाकीवालीला बोलवायचं. ती वरचा दगड उलटा करणार, दोन्ही दगडांना टाकीनं बारीक बारीक टोचे मारणार, की जात्याला पुन्हा धार. वर्षातून एकदा. दळण फार असेल तर दोनदा. त्याच्यावर कुणी लावत नाही. आणि दुसरं ऐका. टाकी लावली की पहिलं दळण खायचं नसतं. त्यात दगडाची कच असते. ते झाडाच्या बुडाला टाकायचं. गुराला सुद्धा घालायचं नाही. सासू प्रत्येक घरातून उठताना सांगायची, "पहिलं दळण झाडाच्या बुडाला बरं का बाई."

प्रत्येक घरी सांगायची. एक घर सोडून.

ते घर जांभूळपेठेत. पेठ म्हणजे मोठं गाव नाही, लहानच. मंगळवारचा बाजार, एस.टी.चा थांबा, एक पिठाची गिरणी. बाकी घराला घर चिकटलेलं. एकाच्या घरात मिरचीची फोडणी पडली की दुसऱ्याच्या घरात शिंका. आणि अशा त्या दाटीत, पेठेच्या कडेला, अख्ख्या एकरात एकच घर. चारी बाजूंनी मोकळं. चार कोपऱ्यांना हद्दीचे चार दगड, कमरेएवढे. घराची मालकीण गोदूबाई नरवडे. नवरा गेलेला, पोटी मूलबाळ नाही. एकर तिच्या एकटीच्या नावावर.

मग पुतण्याला कसली झोप लागतेय. पुतण्या केरबा, त्याची बायको शेवंता. दोघं चुलतीला सांभाळायला म्हणून आले. सांभाळायला. केरबाला त्या एकराचे तुकडे पाडून विकायचे होते. म्हातारी म्हणाली, मी मेल्यावर काय करायचं ते कर, जिवंतपणी अंगठा देणार नाही.

झालं. तिनंच वाट दाखवली.

गोदूबाईला गिरणीचं पीठ चालत नव्हतं. घरच्या जात्याचंच पाहिजे. म्हणून शेवंतानं माझ्या सासूला बोलावलं. टाकी लावून घेतली. चांगलं केलं. आठ दिवसांनी परत बोलावलं. परत आठ दिवसांनी. चार महिने, दर आठ दिवसांनी टाकी. आणि ते पहिलं दळण, कचीचं, करड्या रंगाचं, ते कुठं जात होतं? झाडाच्या बुडाला?

"पिठानं माणूस मरतंय होय गं?" असं नथूआबा आत्ता विचारणार. विचारा की आबा.

"विचारतोच. आमच्या लहानपणी भाकरीत कच लागायचीच. मी कुठं मेलो?"

तुम्हाला यमसुद्धा कंटाळलाय आबा, तुमचं सोडा. एका भाकरीनं कुणी मरत नाही. चार महिने रोज दोन वेळा दगड खाल्ला तर मरतं. गोदूबाईची आतडी सोलली. शेवटी शेवटी रक्त पडायचं. पेठेतल्या लोकांना केरबा सांगायचा, वय झालं चुलतीचं, पचत नाही.

आणि माझी सासू? तिला कळलं नव्हतं? जिचा जन्म दगड टोचण्यात गेला तिला कळलं नव्हतं? पहिल्यांदा तिनं शेवंताला सांगितलं, पहिलं दळण झाडाच्या बुडाला. शेवंता म्हणाली, "मला माहितीय. तू तुझं काम कर." आणि ज्वारी अशी मापाच्या वर शीग लावून दिली. पुढं सासूनं सांगायचं बंद केलं. एकदा तर आतल्या खोलीतून गोदूबाईनं हाक मारली, "अगं टाकीवाले, भाकरी फार कचकच लागते गं. जरा दगड झाडून देत जा ना."

सासू म्हणाली, "देते हो आई."

एवढंच म्हणाली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात गोदूबाई गेली.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्या रात्री एकराच्या कडेला रंगू उभी राहिली तेव्हा ती काय घेऊन उभी होती ते तुम्हाला कळलं पाहिजे. पाटीतली टाकी तर होतीच. पण हेही होतं.

तर रंगू पेठेतच राहायची, आणि कोळगावाहून पेठेत येणारा रस्ता एकराला वळसा घालून जातो. आणि एक पायवाट आहे, एकरातून तिरपी, थेट एस.टी.च्या थांब्यावर निघते. निम्मं अंतर वाचतं. गोदूबाई जाऊन सहा महिने झाले होते. केरबा-शेवंता घर सोडून बाजारातल्या खोलीत राहायला गेले होते. का, तर रात्री जातं वाजतं म्हणून. एकर घ्यायला गिऱ्हाईक यायचं, सौदा ठरायचा, एक रात्र राहायचं आणि सकाळी न सांगता पळायचं. रंगूनं हे ऐकलं होतं. पण पाय दुखत होते. शिरली पायवाटेनं.

मधोमध आली तर घरात दिवा. ओसरीवर बाई उभी. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

"टाकीवाले, जात्याला टाकी लावून जा."

रंगूला वाटलं, शेवंताच. आले असतील परत राहायला. ती म्हणाली, "दिवे लागल्यावर जात्यावर टाकी मारत नाहीत बाई. सकाळी येते."

"शीग लावून देईन."

गेली. आमच्या धंद्यात हा नियम आहे, अंधारात टाकी मारायची नाही. आमच्या घरातल्या लहान पोरालाही माहीत. पण शीग लावून म्हटल्यावर ही गेली.

बसली. वरचा दगड उतरवला, उलटा केला. टाकी मारायला लागली. ठक ठक ठक. एक फेर पुरा केला, दुसरा धरला. सहज पहिल्याकडं बघितलं, तर दगड गुळगुळीत. एक टोचा नाही. तिला वाटलं दिव्याचा उजेड कमी आहे. हात फिरवला. काचेसारखा. परत मारलं. परत मिटलं. पाण्यावर बोट ओढावं तसं. मान वर करून म्हणाली, "शेवंताबाई, हा दगड काही धरेना."

"मार. तुला सवय आहे. दर आठ दिवसांनी मारत होतीस."

आवाज शेवंताचा नव्हता.

उठायला गेली. तेवढ्यात वरचा दगड आपसूक उचलला गेला आणि जागेवर बसला. हिचा हात खुंट्यावर. आपण ठेवला की कुणी ठेवला, तिला सांगता यायचं नाही. पण हात सुटेना. खुंट्याला हात चिकटला आणि जातं फिरायला लागलं. वरून कुणीतरी ओंजळीनं दाणे टाकतंय. दाणे कुठले, वाळूच ती. खर्र खर्र. करडं पीठ गोल पडतंय. मग आतून भाकरी थापल्याचा आवाज. थप थप, थप थप. किती नेहमीचा आवाज. आपण रोज ऐकतो. पण अंधाऱ्या घरात, चूल थंड असताना ऐका एकदा.

हात सुटला. ताट समोर आलं. ताटात भाकरी, करडी.

"खा," ती बाई म्हणाली.

रंगू पळाली. पाटी टाकली, टाकी टाकली, पळाली. पायवाट पायाखाली. समोर थांब्याचा दिवा दिसतोय. पळाली, पळाली, आणि ठेच लागून पडली. बघते तर ओसरीची पायरी. उठली, उलट्या अंगाला पळाली. परत पायरी. तिसऱ्यांदा पायवाट सोडून घाणेरीच्या जाळीतून पळाली, लुगडं फाटलं, पिंढऱ्या फाटल्या. परत तीच पायरी. आणि पायरीवर ती बसलेली. पदर मागं घेतला होता आता. सांगू का तोंड कसं होतं? टाकी लावलेल्या दगडासारखं. सगळीकडं टोचे. डोळ्यांच्या जागी सुद्धा.

"गोदूआई, मी नाही गं काही केलं," रंगू म्हणाली. "मी नुसती टाकी लावली."

"दर आठ दिवसांनी लावलीस. तुला कळलं नव्हतं?"

रंगूनं फाटलेलं लुगडं गोळा केलं.

"मी विचारलं होतं तुला. भाकरी कचकच लागते म्हणून. तू काय म्हणालीस?"

"देते म्हणाले."

"कळलं होतं का नव्हतं?"

"कळलं होतं."

सासू म्हणायची, हे दोन शब्द तोंडातून निघाले आणि वाटलं आता मरण आलं तरी चालेल. पण मरण कुठलं. गोदूबाईला इतक्या स्वस्तात सोडायचं नव्हतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि रंगूच्या गालात कोंबला. म्हणाली, "माझा पाय ह्या दगडांपलीकडं पडत नाही. तुझा पडतो. दोघांना घेऊन ये. हा घास गिळायचा नाही, थुंकायचा नाही. दोघं आत आले की थुंक. एकटी पळून गेलीस तर हा गालातच वाढेल."

आणि वाट सुटली. रंगू थेट बाजारात, केरबाच्या दारात.

दार वाजवलं. केरबा उठून आला. "कोण मेलं आता?"

"मी रंगू. चुलतीच्या घरात जात्याखाली काहीतरी आहे."

"तू त्या घरात कशाला गेली होतीस?"

"पाऊलवाटेनं आले. उजेड दिसला म्हणून डोकावले. कुणी नव्हतं. जात्याच्या दगडावर हातोडी मारली तर खाली भांडं वाजतंय. हंडा असणार."

शेवंता मागून आली. झोपेतून उठलेली, पण हंडा म्हटल्यावर लख्ख जागी. "मग तूच का नाही काढलास? एवढी कुठली गं साधी तू?"

"खालचा दगड मला एकटीला उचलत नाही. निम्मा मला द्या."

"निम्मा? तुझ्या बापानं पुरला होता काय? आणि तोंडात काय आहे तुझ्या? नीट बोल की."

"तंबाखू."

केरबा म्हणाला, "मी जातो, बघून येतो."

"तुम्ही कशाला एकटे जाताय?" शेवंता पायात वहाणा सरकवत होती. "तुम्हाला कुणीही गंडवतं. निम्मा हिला देऊन मोकळे व्हाल. मी येते."

बघा. म्हातारीला मारून जे घर सोडून पळाले, त्या घरात रात्री दोघं जण कंदील घेऊन निघाले. भीती होती की. पण हाव पुढं चालली होती आणि भीती तिच्या मागून येत होती.

आणि माझ्या सासूला माहीत होतं, आपण ह्यांना कुठं नेतोय. मी तिला विचारलं. "माहीत होतं ना आत्याबाई?" म्हणाली, "होतं." "तरी नेलं?" म्हणाली, "माझ्या गालात तो घास होता." मला विचाराल तर मी बिनघासाचं नेलं असतं.

हद्दीच्या दगडापाशी रंगू थांबली. "तुम्ही व्हा पुढं. माझ्या पायात काटा गेलाय." ते गेले. कंदील पायवाटेनं हलत हलत गेला. ओसरीवर चढला. दार आपोआप उघडलं. शेवंता म्हणाली, "हे बघा, ही बया दार सुद्धा उघडं टाकून आली." आत गेले. दार लागलं.

रंगूनं घास थुंकला.

आणि जातं सुरू झालं.

आधी शेवंताचा आवाज आला. "अहो, माझा हात सुटत नाही. अहो, बघता काय, ओढा." मग केरबाचा. मग दोघांचा एकदम. मग जातं इतक्या जोरात फिरायला लागलं की आवाज ऐकू येईनासे झाले त्याच्यात. आणि वरून ओवी. गोदूबाई ओवी म्हणत होती. सकाळी कशी म्हणायची, तशी निवांत.

दळण सरलं, म्हणू नको सूनबाई
एकरात माझ्या, अजून पहाट नाही

रंगू दगडाला टेकून बसली. आपण बाहेर आहोत, आपलं संपलं, असं तिला वाटलं. तेवढ्यात केरबानं हाक मारली, "रंगू, हंडा निघाला गं. ये, निम्मा तुझा." ही गेली नाही. मग शेवंता रडली, "रंगूबाई, हात दे गं, बाईमाणसाला हात दे." गेली नाही. मग गोदूबाई अगदी मायेनं म्हणाली, "अगं, तुझी टाकी राहिली की आत. टाकी तरी घेऊन जा. पोट कशावर भरशील?"

टाकी सासूच्या आईची होती. तीन पिढ्या हातात घासलेली. रंगूनं नुसता हात वर केला, दगडाला धरून उठायला. हाताला दगड लागला नाही.

वळून बघितलं. दगड मागं गेला होता. पाठीमागं, दहा पावलं, रस्त्याच्या बाजूला. म्हणजे ही आता आत होती. हलली नव्हती, बसल्या जागी आत आली होती. गोदूबाईचा पाय हद्दीबाहेर पडत नव्हता, म्हणून तिनं हद्दच पुढं सरकवली. आता तिच्या अंगात दोन माणसांचं दळण होतं.

रंगू पळाली. दगडाच्या पुढं जायचं, एवढंच. ती पळते तसा दगड पळतोय. मातीतून फरफटत, जात्यासारखा आवाज करत. कधी ही पुढं, कधी तो. मागं ओवी जवळ येतेय. रस्ता आला. पेठेतली घरं आली, सगळी दारं बंद. दगड तिच्या पुढं निघाला, आणि पाठीवर थंड हात पडला. पीठ लागलेला हात.

तेव्हा ती ओरडली. वाचवा म्हणून नाही. कुणी वाचवायला येणार नाही हे तिला कळलं होतं. ती ओरडली, "गोदूबाईला कच खायला घालून मारलं. केरबानं आणि शेवंतानं मारलं. मी टाकी लावत होते. मला ठाऊक होतं. मला सगळं ठाऊक होतं." परत ओरडली. परत. गळा फाटेपर्यंत तेच.

एक दार उघडलं. मग दुसरं. दिवे आले. माणसं आली. कुणीतरी म्हणालं, "काय म्हणतेय ही? परत म्हण." तिनं परत म्हटलं, सगळ्यांच्या तोंडावर म्हटलं.

पाठीवरचा हात निघाला. आणि पुढं गेलेला दगड मागं सरकत येऊन थांबला. भर रस्त्यात, सासूच्या टाचेमागं बोटभर. तो अजून तिथंच आहे. रस्ता डांबरी करताना दोनदा उपटून टाकला म्हणतात. सकाळी परत जागेवर. शेवटी रस्ताच जरा वाकवला. जांभूळपेठेत गेलात तर बघा, सरळ रस्ता उगाच वाकलाय.

उजाडल्यावर माणसं घरात गेली. जात्याच्या एका अंगाला शेवंता, एका अंगाला केरबा. दोघांचे हात खुंट्यावर. शेवंता मेलेली. तोंड उघडं आणि करड्या पिठानं काठोकाठ भरलेलं, सूप भरावं तसं. केरबा जिवंत होता. सात वर्षं जगला. बाजारात बसायचा आणि उजवा हात गोल गोल फिरवायचा. दिवसा, रात्री, झोपेत. खांद्याचं हाड वाजायचं. कुणी भाकरी पुढं केली की किंचाळायचा.

वाईट वाटतं का, पमे? मला नाही वाटत. म्हातारीनं चार महिने जे खाल्लं, ते त्यांनी एका रात्रीत खाल्लं. फेड झाली.

सासूला पेठेनं हाकललं. बरोबर केलं. ती इकडं माझ्या नवऱ्याकडं आली. परत कधी टाकी हातात धरली नाही. भाकरी खाल्ली नाही. मऊ भात पाण्यातून गिळायची. पाठीवर पाच बोटांचा पांढरा डाग होता. आंघोळ मीच घालायचे, किती घासला, गेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुणाला मारलं नाही, आम्हाला कशाला ती धरेल. एस.टी. चुकायला लागली की लोक अजून त्या पायवाटेनं जातात. परवा आमच्या गल्लीतली एक जण गेली होती, नाव घेत नाही. जाऊ नका. लांब पडलं तरी रस्त्यानं जा, आणि तो दगड आला की त्याच्या बाहेरच्या अंगानं जा. शेजारच्या घरातून रात्री सुनेचं रडणं ऐकून ज्यानं कूस बदलली असेल, त्यानं तर तिकडं फिरकूच नये. आबा, मान खाली कशाला घातली? मी तुम्हाला म्हटलं नाही. मी सगळ्यांना म्हटलं. मलाही.

तिनं धरायला मोठं पापच पाहिजे असं नाही. माझ्या सासूनं काय केलं होतं? नुसती टाकी लावली होती.